बाजूच्या पट्टीतले चेंडू

मार्श लेक, मिशिगन
फेब्रुवारीतला तिसरा रविवार

प्रिय लोइस,

तुला आणि तुझ्या त्या वाळवंटातल्या उन्हाला ग्रेटाचा नमस्कार. गुडघा कसा आहे ते सविस्तर कळव. "बरा आहे" एवढंच लिहून कार्ड टाकायची तुझी सवय मला मान्य नाही. पूर्ण वाकतो का, जिना उतरताना कुरकुरतो का, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तू खरंच करतेस की केला असं नुसतं सांगतेस, हे सगळं यायला हवं. मुलगी, जावई, नातवंडं मजेत असतील. टूसॉनमध्ये लोक फेब्रुवारीत बिनबाह्यांच्या सदऱ्यात टेनिस खेळतात असं तू मागच्या वेळी लिहिलं होतंस. ते वाचल्यावर मी तुझं कार्ड फ्रिजच्या दारावरून काढून खणात ठेवलं. माझी तब्येत उत्तम आहे. ती नसण्याइतका मला वेळ नाही.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगते, म्हणजे पुढचं पत्र तू निवांत वाचशील. मार्चच्या शेवटच्या शनिवारी कॉलेजच्या माजी विद्यार्थिनींचा टेनिसचा सामना आहे. नेहमीप्रमाणेच: हंगाम सुरू व्हायच्या आधी जुन्या खेळाडू नव्या संघाकडून हरतात आणि मग सगळ्या मिळून बटाट्याचं सॅलड खातात. तू आली नाहीस त्याला तीन वर्षं झाली, आणि तेवढी वर्षं मीही खेळले नाही. शिटी गळ्यात अडकवून बाजूला उभी राहिले. यंदा मात्र खेळावं लागणार, कारण हा माझा शेवटचा हंगाम आहे. मे महिन्यात मी किल्ल्या परत करते. आमचा नवा क्रीडासंचालक ब्रॅंट (वय तुझ्या जावयापेक्षा कमी, दात फार) मला म्हणाला, "कोच, तुम्ही खेळल्याशिवाय निरोप कसला? जोडीदाराची काळजी करू नका, मी शोधतो." स्थळ शोधल्यासारखा शोधतोय. मी तुला बोलवायला हे पत्र लिहीत नाही. गुडघा तुझा, विमान तुझं, घर सोडायचं की नाही हेही तूच ठरवायचं. मी फक्त संघाची हकीकत कळवते आहे.

तर संघ. यंदा मुली कामाच्या आहेत. कप्तान हॅडली शांत आहे, सर्व्हिस करताना ओठ हलवते. विचारलं तेव्हा म्हणाली, किराणा मालाची यादी म्हणते, त्याने हात सैल राहतो. मी विरोध केला नाही. नव्या दोघी मात्र ऐकण्यासारख्या. डेट्रॉइटची इमानी उंच आहे, आवाजही उंच, आणि पायात गोळे येऊ नयेत म्हणून बाटलीतून काकडीच्या लोणच्याचं पाणी पिते. व्हॅनमध्ये त्याचा जो वास सुटतो तो एप्रिलपर्यंत जायचा नाही. दुसरी टेगन, उत्तरेकडच्या चेरीच्या बागेतली. ही इतकी प्रामाणिक आहे की गाडीच्या परवान्याच्या परीक्षेत तिने परीक्षकाला आपणहून सांगितलं, "मगाशी त्या चौकात मी पूर्ण थांबले नव्हते, तुम्ही खाली बघत होतात." परीक्षकाने नापास केलं. तिला ते योग्यच वाटलं. अशी मुलगी मला चाळीस वर्षांत मिळाली नव्हती. तुला माहीत आहे, आमच्या कॉलेजांच्या सामन्यांत रेषेवर पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर हे आपणच सांगायचं, आणि शंका आली तर गुण समोरच्याला द्यायचा. बाकी काही नाही शिकवलं तरी चालेल, एवढं मी सगळ्यांना शिकवते. कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आसपासच्या कॉलेजांच्या साखळीत, आपल्या मुलींचं नाव आहे ते हरण्यासाठी आणि खरं बोलण्यासाठी.

आता ते नाव आठ दिवसांपूर्वीच्या शनिवारी कसं धुळीला मिळालं ते ऐक.

बाहेरची कोर्टं बर्फाखाली आहेत. दिवाळखोरीतल्या दुकानासारखी दिसतात, नेटचे खांब तेवढे वर. (इमानीने पहिल्या आठवड्यात फावडं घेऊन एक कोर्ट साफ करून दाखवलं. खाली पिवळे पट्टे निघाले तेव्हा कळलं की तिने गाड्या लावायची जागा साफ केली. प्राध्यापक मंडळींनी तिचे आभार मानले.) म्हणून हिवाळाभर सराव जुन्या व्यायामशाळेत, लाकडी जमिनीवर. तिथे बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, बॅडमिंटन सगळ्यांच्या रेघा रंगवलेल्या, त्यात आपल्या मी निळ्या चिकटपट्टीने मारते. डिसेंबरात बास्केटबॉलचा सामना झाल्यावर भिंतीत घडी होऊन जाणारी बाकांची गॅलरी उघडी ती उघडीच राहिली. मोटर जळली. सुटा भाग ओहायोहून येतोय, असं ब्रॅंट म्हणतो. ख्रिसमसच्या आधीपासून येतोय, बहुधा चालत. गॅलरीने कोर्टाच्या दोन्ही बाजू खाल्ल्या. एकेरीपुरती रुंदी उरली. दुहेरीसाठी दोन्हीकडे जी जास्तीची पट्टी लागते ती बाकांखाली गेली. मी काय करणार? हुकूम सोडला: हंगाम सुरू होईपर्यंत दुहेरीसुद्धा याच रुंदीत खेळायची, आणि पट्टीकडे गेलेला चेंडू बाहेर. बाकांवर आपटून चेंडू फुटतात आणि मुली पाय मुरगळून घेतात, म्हणून तिकडे बघायचंही नाही. 'बाहेर'ची खूण म्हणून बोट वर, आणि पुढचा चेंडू. दोन महिने मी हे शिटी वाजवून वाजवून घोटवून घेतलं. माझं शिकवलेलं मुलींच्या अंगात किती मुरतं याचा मला गर्व होता.

त्या शनिवारी शेजारच्या कॉलेजच्या बंदिस्त कोर्टावर सरावाची लढत. खरी कोर्टं, पूर्ण रुंदी, हिरवी जमीन, आणि डोक्यावर असे दिवे की मुली दारातच थबकल्या. टेगन आणि इमानी तिसऱ्या जोडीत. त्यांच्या पहिल्याच गेममध्ये समोरच्या मुलीने सुरेख चेंडू बाजूच्या पट्टीत मारला. आत, चांगला हातभर आत. टेगनचं बोट वर गेलं. लगेच तिच्याच लक्षात आलं, लाल झाली, "आत, आत, चुकलं माझं!" म्हणाली. एकदा बाहेर म्हटलेला चेंडू फिरवला की गुण समोरच्याचा, नियमच आहे. गेला गुण. पुढच्या गेममध्ये तोच चेंडू, आता इमानीचं बोट वर. तिने आवाजही दिला, आणि तो आवाज पार्किंगपर्यंत जातो. मग पुन्हा टेगन. पट्टीत चेंडू पडायचा अवकाश, बोट आपोआप. दोघी एकमेकींचे हात धरायला लागल्या. समोरच्या प्रशिक्षिका ऱ्होंडा माझ्याकडे चालत आल्या. या बाई तुला आठवतील, टोपीवर टोपी घालतात.

"अहो ग्रेटा, तुमच्या मुली चेंडू चोरताहेत की!"

"माझ्या मुली चोरत नाहीत."

"मग काय, आंधळ्या आहेत? चार चेंडू गेले हातभर आतले. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती हं."

मी गॅलरीचं सांगायला लागले. मोटर, ओहायो, बाकं. सांगता सांगता मलाच ऐकू यायला लागलं की ही जगातली सर्वांत लंगडी सबब आहे. ऱ्होंडा मान हलवत निघून गेल्या. मी कोर्टाच्या बाजूला जाऊन मुलींना दटावलं, "पट्टी आत आहे! इथे पट्टी आत आहे!" झालं. टेगनने ते इतकं मनावर घेतलं की त्यानंतर तिने एकही चेंडू बाहेर दिला नाही. पट्टीच्या पलीकडे पडलेला आत. मागच्या पडद्याला लागलेला आत. शेजारच्या कोर्टावरून घरंगळत आलेल्या चेंडूच्याही मागे ती धावली. शेवटी समोरच्या मुलीच म्हणाल्या, "अगं, हा बाहेर होता ना?" तर टेगन म्हणते, "नक्की? मला शंका होती." हरल्या. हस्तांदोलन करताना रडल्या, आणि समोरच्या दोघींनी त्यांना केळी दिली.

परतीच्या वाटेवर व्हॅनमध्ये मुली ती केळी खात होत्या. गाडी मीच चालवत होते, रस्त्यावर बर्फ भुरभुरत होता, आणि त्या लोणच्याच्या पाण्याचा वास. मग मागून टेगनने विचारलं, "कोच, पट्टीतला चेंडू कसा सांभाळायचा? म्हणजे तुम्ही कसा सांभाळायचात?"

लोइस, मी वायपरचा वेग वाढवला. मुलींना वाटलं मी रागावले. मी खरंच आठवत होते, आणि आठवत होता तो फक्त मधला चेंडू. मी जन्मभर मधला चेंडू घेतला, डोक्यावरचा घेतला, जाळ्याजवळचा घेतला. आपण कॉलेजात होतो तेव्हा, आपल्या हातांनी शिवलेल्या स्कर्टांत, आणि नंतर प्रत्येक उन्हाळ्यात गावातल्या त्या तडे गेलेल्या कोर्टावर. डाव्या बाजूच्या पट्टीकडे मी कधी मान वळवून बघितलंच नाही. तिकडे तू होतीस. चेंडू तिकडे जायचा आणि परत यायचा. तू तो कसा परत करायचीस, एक पाऊल आधी सरकायचीस का, समोरचीच्या खांद्याकडे बघायचीस का, मला माहीत नाही. मी पाहिलंच नाही गं. तुझा वॉल्टर गेल्यावर तू इथलं घर आवरून मुलीकडे निघालीस, मी खोकी गाडीत चढवली, आणि तुला हात करून घरी आले. त्या दिवसापासून कशाकडे तरी पाठ करून उभं राहायची मला भीती वाटते. दाराकडे पाठ करून मी जेवतसुद्धा नाही. हे लिहायचं नव्हतं. शाईच्या पेनाने लिहिलंय म्हणून खोडत नाही.

मुलींना मी म्हणाले, "सोमवारी सांगते." सोमवारी मी गॅलरीच्या खालच्या बाकावर चढून त्यांना पायांच्या हालचाली दाखवल्या. हॅडली फार आदराने म्हणाली, "कोच, हे तुम्ही आत्ताच तयार केलंत ना?" पोरगी हुशार आहे.

बाकी सर्व क्षेम. डॉक्टरांचं ऐक. ऊन फार लावून घेऊ नकोस, तुझी कातडी पहिल्यापासून बटाट्यासारखी सोलून निघते. मुलीला माझे आशीर्वाद सांग, नातवंडांना रॅकेट दोन्ही हातांनी धरू दे, घाई करू नकोस.

तुझी,
ग्रेटा

ता. क. ब्रॅंटने जोडीदार शोधली. गावातल्या दंतवैद्याची बायको, आपल्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, खेळ नीटस. काल एक तास आम्ही खेळून पाहिलं. प्रत्येक चेंडूनंतर "सॉरी" म्हणते. तिचा चुकला तरी सॉरी, माझा चुकला तरी सॉरी. पट्टीतले चेंडू सगळे परत करते. मी ब्रॅंटला सांगितलं की जमणार नाही. कारण विचारलं तर म्हटलं, सॉरी.

ता. क. २. टेगन आणि इमानी विचारत होत्या की कोचची जोडीदार होती कोण. मी सांगितलं. इमानी म्हणाली, "भारी खेळायच्या?" मी म्हटलं, बोलायची फार. सर्व्हिस घ्यायच्या आधी वाकून मला नको नको ते सांगायची आणि मला हसू आलं की बरोब्बर तेव्हाच सर्व्हिस यायची. मुली रॅकेट खाली ठेवून ऐकत होत्या, म्हणून मी आणखी सांगितलं. सराव अर्धाच झाला.

ता. क. ३. गुडघ्याचं मी मगाशी जे विचारलं त्यात माझा स्वार्थ होता. पळायला लागणार नाही. पळायचं मी बघते. तू नुसती डावीकडे उभी राहा. मुलींना बघू दे, आणि या खेपेला मीही बघेन, मग गुण गेला तरी चालेल.

ता. क. ४. सामन्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, टूसॉनहून ग्रँड रॅपिड्सला विमान येतं, शिकागोला बदलून. मी गाडी घेऊन विमानतळावर असेन. यायचं नसेल तर तसं कळवू नकोस. तरीही मी जाईन, सगळे उतरेपर्यंत थांबेन, आणि कॉफी पिऊन परत येईन.