पाहुण्यांचं पाणी

ता. १४ मार्च, सकाळ

चि. धाकट्या,

अनेक आशीर्वाद. काल सुखरूप पोहोचले. गुडघा कुरकुरतोय, पण त्याला दुसरा उद्योगच नाही. तुझे दाजी विचारत होते, पाणी समितीच्या अध्यक्षांचं भाषण कसं झालं? म्हटलं, भाषण फक्कड, अध्यक्ष नासका.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र. रागवायचंच तर शेवटपर्यंत वाचून एकदम रागाव.

ते पाण्याच्या फिल्टरचं यंत्र मला कळलं ते तुझ्याच भाषणाने. पंपाच्या पाण्यात आर्सेनिक, त्याला ना वास ना रंग. वाळूवर लोखंडाच्या गंजाचे नॅनोकण बसवलेत. गुळाला मुंगळे चिकटावेत तसं विष त्यांना चिकटतं. साबणाची वडी किसली की फेस जास्त, तसे कण जितके बारीक तितकी चिकटायला जागा जास्त. किती सोपं सांगितलंस! मग चारचौघांसमोर तोटीखाली पेला धरून गटागटा प्यायलास. नट व्हायचास, उगाच मास्तर झालास.

आणि घरी? स्वयंपाकघरात दोन पिंपं! एकात पेला बुडवायला गेले, तर सूनबाईने हात धरला.

"आत्या, ते नको. तुमचं ते चकचकीत."

"मग हे कुणाचं?"

"घरच्यांचं. अंगणातल्या पंपाचं. मामंजी म्हणतात, फिल्टरच्या पाण्याला चव नाही, ते पाहुण्यांपुरतं."

पोटुशी पोर आहे ती, मेल्या!

तुला विचारलं तर म्हणालास, "आक्का, अप्पांनी बसवलेल्या पंपाला मी विषारी म्हणू?"

"अख्ख्या वस्तीच्या पंपांना म्हणालास की, तेही माइकवर!"

"वस्तीची गोष्ट वेगळी."

वा रे ब्रह्मज्ञानी! कोरडा पाषाण तुझ्यापेक्षा बरा, निदान सुनेला विष तरी पाजत नाही.

अप्पांना मध्ये आणलंस म्हणून सांगते. त्यांचे तळहात आठवतात? टणक, खडबडीत गाठींनी भरलेले. आपण म्हणायचो, कष्टाचे घट्टे. अरे, अप्पा घड्याळजी! चिमट्याने केसाएवढे स्क्रू उचलणाऱ्याच्या हाताला घट्टे पडतात होय? ती पाण्यातल्या विषाची खूण, हे तेव्हा आपल्याला कुणी सांगणारं नव्हतं. तुला सांगितलंय. शिवाय तू दुसऱ्यांना सांगत फिरतोस.

भाषण संपल्यावर टाळ्या थांबवायला तू दोन्ही हात वर केलेस. मी पुढच्याच खुर्चीत होते. तुझे तळहात दिसले. त्यानंतर कोण काय बोललं, मला ठाऊक नाही.

आता खरं ते लिहिते. सूनबाई मला गाडीत बसवायला आली आणि मीच तिला बसवून घेतलं. तिच्यावर डाफरू नकोस. आत्ता माझ्या शेजारी केस विंचरत बसलीय. तुझ्या मुलाला कळवलंय, तो म्हणाला, "बरं केलंस, आत्या. माझं बाबा ऐकत नाहीत." बाळंतपण इथेच होईल. त्या पंपाचा दांडा उपसून फेकल्याशिवाय आई आणि बाळ तुझा उंबरा ओलांडणार नाहीत. तू कितीही मोठा अध्यक्ष अस.

नातवंडाला बघायला जरूर ये. पण त्याआधी डॉक्टरकडे जा आणि हात उघडून दाखव. घट्टे आहेत म्हणालास, तर तिथे येऊन तुझा कान पिळीन. मास्तराचा आहे म्हणून सोडणार नाही.

अप्पांना गमावलं ते पुरे झालं रे.

तुझ्या थोबाडीत मारायला आणि मग तुझं डोकं मांडीवर घ्यायला एकटीच उरलेली,

आक्का