डॅशबोर्डमागचं वेटोळं

बाबा, आज तुमच्या जीपचा डॅशबोर्ड उघडला. शनिवारी आमच्या चार गाड्या डोंगरात निघणार आहेत, रस्ता वाहून गेलेल्या गावांकडे औषधं घेऊन, आणि माझी गाडी सगळ्यांत मागे आहे. मागच्याने अडकलो असं सांगायचं कसं, म्हणून बोलायचा रेडिओ सेट हवाच. आमच्या ताफ्याचा म्होरक्या दादा सरळ म्हणाला, "रेडिओ चालला नाही तर तू इथे घरी, बराकपूरलाच राहा. चहा पी, आम्ही येऊन गोष्टी सांगू."

तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होतो. शाळा त्यानंतर वर्षभरच टिकली, पण तुमच्याबरोबर काम केलेलं सगळं हातात राहिलंय. फोर्ट विल्यममधली लष्कराची नोकरी संपल्यावर तुम्ही अंगणात लोकांच्या गाड्यांना सेट बसवायचात. आधी पुठ्ठ्याचा खोटा सेट करायचा, तो चिकटपट्टीने डॅशबोर्डखाली लावायचा आणि गाडी मैदानातल्या खड्ड्यांतून फिरवायची. मी शेजारी बसून तुमच्या गुडघ्याकडे बघतोय. पुठ्ठा गुडघ्याला लागला की तुम्ही थांबता. "गुडघा आधी, सेट नंतर," म्हणता, आणि पुठ्ठा दोन बोटं डावीकडे सरकतो. काल मीही तसंच केलं. मैदानात क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनी मागे बसलेल्या आईला विचारलं, काकू, हा खोका कसला? ती म्हणाली, "याच्या बाबांचा खेळ आहे."

एकदा मी बॅटरीपासून सेटपर्यंत वायर अगदी मापात कापली होती, कुठे सुरकुती नाही. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. तुम्ही ती बोटाने छेडलीत, तारेसारखी वाजली. "अरे, ही सतार आहे का? गाडी आपटली की पहिली हीच तुटणार. आणि पुढचा माणूस हे उघडेल, तेव्हा त्याने काय धरायचं?" मी विचारलं, पुढचा माणूस कोण? "मला काय माहीत. पण तो येतोच." मग तुम्ही ती सगळी वायर काढून, हातभर जास्तीची ठेवून पुन्हा टाकायला लावलीत.

तुमचा जुना सेट केव्हाच बंद पडला, आम्ही तो काढून टाकला होता. आज डॅशबोर्ड उघडला, तर त्याच्या मागे तुमच्या वायरचं वेटोळं तसंच होतं, सुतळीने बांधलेलं. गाठ तुमची, दोनदा मारलेली. टोकाला जुन्या सेटचा प्लग. नव्या सेटला तो बसत नाही, म्हणजे तो कापायला हवा. बॅटरीकडचा फ्यूज काढला, पकड हातात घेतली आणि तसाच बसून राहिलो. ऊन बॉनेटवरून निघून गेलं. आई दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा खिडकीतून वाकून म्हणाली, "वायर आहे रे ती. कापायलाच ठेवली असेल ना त्यांनी? नाहीतर कशाला एवढी गुंडाळतील?"

कापली. जोडली, टेप गुंडाळली, तपासली, पुन्हा तपासली. आत तांबं अजून लाल होतं, बाबा, कुठे काळं पडलेलं नाही.

सेट चालतोय हे बसवणाऱ्याने म्हणायचं नाही, पलीकडच्याने म्हणायचं, हा तुमचा नियम. पलीकडे तुम्ही असायचात. आज छोटा सेट देऊन आईला गच्चीवर पाठवलं. बटण दाबून विचारलं, आई, आवाज येतोय का? बराच वेळ नुसती खरखर. मग तिचा आवाज आला, तुमच्यासारखा संथ, एकेक शब्द सुटा: "येतोय. स्पष्ट येतोय. भात निवतोय."

म्हणजे शनिवारी मी जाणार. उरलेली वायर परत वेटोळं करून बांधली, गाठ दोनदा मारली. पुढचा माणूस कोण, मलाही माहीत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगतो. सीटखाली नवी कोरी वायर पडून होती, पाहिजे तेवढी लांब. नवी वायर मिळाली नाही, दुकान बंद होतं, असं मी आईला सांगितलंय.