कातडी बाबांची, गाठ माझी

मंगळवार, संध्याकाळ

आज केमोनंतर नर्सबाईंनी पट्टी तेल लावून हळूच सोडवली, तरी माझी कातडी फाटलीच. ही नाजूक कातडी जन्मतःच बाबांकडून आलेली. शेजारी बसून ते स्वतःच्या मनगटावरचे जुने व्रण चोळत होते. मग एकदम डॉक्टरांना म्हणाले, "अहो, ही लिम्फोमाची गाठही माझ्यामुळेच ना?"

"कातडी तुमची, काका. गाठीचा दोष तुम्ही घेऊ नका."

वारज्याला घरी येईपर्यंत बाबा रिक्षात माझा हात धरून बसले, कातडीला लागू नये इतका हलका. इतके महिने हेच मनात? मला कसं कळलं नाही?

जेवताना म्हणाले, "आमटी आहे की समुद्र?" माझ्या आजारपणात पहिल्यांदाच त्यांनी पूर्वीसारखी जेवणाला नावं ठेवली. इतकं बरं वाटलं.