वृंदेची चाळीस पानं

४ जुलै
फरीदाबादला सुखरूप पोचले. घर तिसऱ्या मजल्यावर, देवघर पूर्वेला, पाणी दोन वेळ. मन भरलं. निघताना आईनं पहिलीचा चांदीचा टाक गळ्यात बांधला. बिजवराशी लग्न केलं की सवतीला अंगावर वागवावंच लागतं. तिचं नाव वृंदा. ह्यांचं काम औषधी पाल्यांच्या तपासणीचं: काढा उंदरांना पाजायचा, रोज नोंद ठेवायची, मग माणसाला चालेल की नाही ते कळवायचं. पुण्याईचं काम.

६ जुलै, एकादशी
चातुर्मास लागला. ह्यांनी स्वतः काढा करून दिला, अंगात रक्त भरेल म्हणाले. मी उदक सोडून संकल्पच केला: चार महिने रोज, एकही दिवस न चुकता. कडूजहर, पण नवऱ्याच्या हातचा. तीर्थासारखा घेतला.

१३ जुलै
रविवारी हे माझं वजन करतात, नाडी मोजतात, डोळे बघतात. शेजारच्या इंदुमतीकाकू जिन्यात म्हणाल्या, "अगं, वृंदाचेही अस्सेच लाड! बिल्कुल फुलासारखं जपायचा. कावीळ झाली नि गेली बिचारी." दिवसभर घास गोड लागला नाही.

२६ जुलै
टाक काळा पडलाय. रांगोळीनं घासला, संध्याकाळी पुन्हा काळा. जीभ बधिर. ह्यांना सांगितलं तर खूश झाले. उंदराला विचारून काय कळतं, म्हणाले, तू बोलतेस तरी. मला बोल म्हणणारं आजवर कोण होतं?

३ ऑगस्ट
कपाट आवरताना वही सापडली. वर 'वृंदा', अक्षर ह्यांचं. दिवसाला एक पान: वजन, नाडी, जीभ, गळलेले केस. पाल्याची पुडी नंबर सतरा. माझ्या पुडीवरही सतराच. चाळीस पानं, पुढे कोरी. तरी आधी शोधली ती माझी वही. होती. अठ्ठावीस पानं, प्रत्येकात दोनच ओळी. तिची मात्र काठोकाठ भरलेली! तिचं एवढं काय बघत होते?

९ ऑगस्ट
फणीभर केस गेले. मोजून सांगितले — आज तीन ओळी मिळाल्या. काकू म्हणतात डोळे पिवळे दिसतात, चल डॉक्टरकडे. म्हटलं, नेम आहे. नेम मोडत नाही. आणि तिनं चाळीस केले —

१४ ऑगस्ट
चाळीस. हे म्हणाले, बास, आता पुरे. पुडी लपवली. म्हणजे तिची बरोबरी करायची — पुढे नाही जायचं. अजून तिचीच बाजू —

१५ ऑगस्ट
हे खाली झेंड्याला. आकाशभर पतंग, इकडे ते आजच उडवतात. पुडी सापडली — तांदळाच्या डब्यात. मीच उकळला. देवापुढे — घेतला. ते लिहिणार नाहीत. मीच लिहिते. वजन — उभं राहवत नाही. जीभ — नाही. टाक गळ्याशी घट्ट — मागून ओढतंय — सोड गं. सोड. तुझी चाळीस. माझी एके