तीन ठिकाणं आणि आपलं घर

मंगळवार, १४ ऑक्टोबर
दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुम्ही सगळेही मजेत असाल असं धरून चालते, कारण विचारायला फोन करावा तर तू उचलत नाहीस. पत्र मात्र फाडायच्या आधी तू वाचणार, एवढी मी तुला ओळखते.

‘बाबांना वृद्धाश्रमात टाकलंस तर मला बहीण नव्हती असं समजेन,’ हे तुझं शेवटचं वाक्य. त्याला पाच आठवडे झाले. ‘टाकणं’ हा शब्द माझ्या फार जिव्हारी लागला. म्हणून ठरवलं, ठेवायचंच झालं तर आधी ठोकून-बजावून बघायचं. औषधांच्या दुकानात वीस वर्षं काढली आहेत. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायची सवय आहे मला.

पहिलं ठिकाण तुला आवडलं असतं. चकचकीत फरशी, काचेच्या पेटीत मासे, मॅनेजरच्या बोलण्यात साखर. पण सगळीकडे अत्तरासारखा वास मारलेला होता, आणि त्याच्या खाली दुसरा वास होता. औषधं बघू का म्हटलं तर एका डब्यात सगळ्यांच्या गोळ्या एकत्र, त्यातली दोन पाकिटं मुदत उलटलेली. मी विचारलं, कुणाला बांधून वगैरे ठेवता का? तो हसला, छे छे म्हणाला. त्याच्या मागेच खिडकीपाशी एक आजी खुर्चीत होत्या आणि त्यांच्या पुढ्यात टेबलाची फळी खिळवून टाकलेली. त्या उठायला जायच्या, फळीला अडायच्या, बसायच्या. पुन्हा उठायला जायच्या. अगदी संथपणे, पाण्यात हलल्यासारखं. माझा तिथून पाय निघेना.

दुसरीकडची माणसं खरंच चांगली होती. पण बावीस म्हातारे आणि दुपारच्या पाळीला दोनच मावशी. कुणी बघत नाहीसं पाहून मी एका रिकाम्या खाटेवर बसले आणि उशाची घंटा दाबली. पडदा फुगत होता, बसत होता. वर पंखा फिरत होता. बाहेर कुठेतरी कुणी लाकूड तासत होतं, तो आवाज जवळ यायचा, लांब जायचा. किती वेळ गेला कळेना. मधेच मला वाटलं, मीच ऐंशीची आहे, माझी मुलगी मला भेटून आत्ताच गेली आहे, आणि मला पाणी हवंय. खरंच घसा कोरडा पडला, ताई. घड्याळ बघितलं तर अकरा मिनिटं झाली होती. कुणीही आलं नव्हतं.

तिसरं ठिकाण बसच्या शेवटच्या थांब्याच्याही पुढे आहे. जुनी दुमजली इमारत, भिंतीचे पोपडे निघालेले. न कळवता गेले, तीनच्या सुमारास. मेट्रन म्हणून ज्या बाई आहेत त्या चांगल्या जाडजूड, चष्मा डोक्यावर आणि तोच चष्मा सगळीकडे शोधत होत्या. ‘आलाच आहात तर चला माझ्याबरोबर,’ म्हणाल्या. सगळे झोपले होते. एका आजोबांना त्यांनी माझ्यादेखत कुशीवर वळवलं, पडून पडून जखमा होतायत का म्हणून पाठ पाहिली, टाचा पाहिल्या, अंगठ्याने दाबून पाहिल्या. आजोबा झोपेतच ‘आलो आलो’ म्हणाले, आणि बाईंनी ‘सावकाश या’ असं उत्तर दिलं. दारांचे उंबरे काढून टाकलेत. न्हाणीघरात धरायला दांडे आहेत. मी लोंबकळून पाहिलं, हलले नाहीत. प्रत्येकाच्या गोळ्या वेगळ्या, नाव घालून.

मग मी पडण्याबद्दल विचारलं. मला वाटलं, ‘इथे कुणी पडत नाही’ म्हणतील. त्यांनी एक वही उघडून पुढे ठेवली. गेल्या महिन्यात चारजण पडले होते. कोण, कुठे, किती वाजता, का, आणि त्यानंतर काय बदललं, सगळं लिहिलेलं.

बाई म्हणाल्या, “चालणारं माणूस कधीतरी पडतं. आमच्याकडे कुणी पडतच नाही असं जो सांगेल, तो एकतर खोटं बोलतो, नाहीतर बांधून ठेवतो.”

मी खिडकीबाहेर बघत राहिले. बाईंना वाटलं असेल, बाग बघतेय.

तिथलं सगळंच छान आहे असं नाही. जेवण अळणी असतं, वरच्या मजल्यावर एका कोपऱ्यात गळतं, आणि जायला पाऊण तास लागतो. पण पुढच्या खेपेला बाबांना घेऊन गेले. तीस वर्षं जमीन मोजलेला माणूस. आत शिरल्या शिरल्या व्हरांडा पावलांनी मोजायला लागले. खिडक्यांतून उन्हाचे चौकोन पडले होते, त्यातून ते जात होते, उजळत, विझत. एक निवृत्त मास्तर मागे हात बांधून त्यांच्याबरोबर निघाले. टोकाला पोचल्यावर बाबा म्हणाले, “एकतीस. उतार मोरीकडे आहे, बरोबर आहे.” मास्तरांनी मान डोलावली. किती महिन्यांनी मी त्यांचा तो जुना आवाज ऐकला, कामावरचा.

आता जे लिहायचं ते दोन दिवस टाळतेय.

ऑगस्टमध्ये व्हिडिओ कॉलवर तू बाबांच्या मनगटावरचा वळ पाहिलास आणि विचारलंस. मी म्हटलं, घड्याळाचा पट्टा घट्ट झाला होता. बाबा घड्याळ वापरत नाहीत, ताई. कधीचेच.

त्यांना सांभाळणारी बाई जुलैअखेर काम सोडून गेली. त्याच आठवड्यात बाबा अनवाणी बाहेर पडले आणि भर रस्त्याच्या मधोमध उभे राहून हद्द शोधत होते. एक ट्रक करकचून थांबला. ड्रायव्हरने त्यांना हाताला धरून घरी आणलं आणि मला नको नको ते सुनावलं. दुपारी दोन ते पाच मला दुकान सोडता येत नाही. बाहेरून कुलूप लावलं तर ते दारावर डोकं आपटत. म्हणून मी जुन्या चादरीची पट्टी फाडली आणि त्यांचा उजवा हात खाटेच्या दांड्याला बांधला.

त्यांनी हात पुढे केला, ताई. स्वतःहून. गाठ मारताना वाकून बघत होते. मग म्हणाले, “घट्ट बसलीय. कुणी शिकवली तुला?”

त्यांनीच शिकवली होती. सुट्टीत मोजणीला नेत तेव्हा, तंबूची.

मी दुकानात गेले. खोकल्याचं औषध विकलं, सुटे पैसे दिले. तीन दुपारी असं केलं. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा गादी ओली होती, मनगट सुजलं होतं, आणि ते माझ्याकडे बघून ओशाळं हसले. त्यांचंच काही चुकल्यासारखं. त्यानंतर मी बिनपगारी रजेवर आहे. ती या शुक्रवारी संपते. ठिकाणं बघायला गेले तेवढ्यापुरत्या शेजारच्या काकू त्यांच्यापाशी बसल्या, पण रोज त्यांना जमणार नाही.

तीन ठिकाणं तपासली मी. काय काय तपासायचं ते लिहिलेला जो कागद घेऊन फिरत होते तो एकदा आपल्या घराला लावून पाहिला. आपलं घर नापास झालं.

काल तिसऱ्या ठिकाणचा फॉर्म भरला. त्यात एक रकाना होता: यापूर्वी रुग्णाला कधी बांधून ठेवलं होतं का? बाई समोर बसल्या होत्या. मी लिहिलं, हो, तीन दुपारी, मुलीने. त्यांनी वाचलं. मला वाटलं, आता फॉर्म परत करतील. त्यांनी एवढंच विचारलं, “कोणता हात?” उजवा म्हटलं. “मग आठवडाभर त्या बाजूने कुणी एकदम हात लावणार नाही, सांगून ठेवते,” असं म्हणून त्यांनी पान उलटलं. बसमध्ये मी सगळा रस्ता रडत आले.

शुक्रवारी सकाळी बाबांना नेतेय. परवानगी मागत नाही. तू ये, एवढंच मागते. तिथला पत्ता या कागदाच्या मागे लिहिलाय. मला कळवू नकोस, त्यांनाही कळवू नकोस, वाटेल त्या वेळी जा. बाबांच्या टाचा बघ, पाठ बघ, वही मागून घे. वाईट दिसलं तर त्यांना घेऊन जा, मी आडवी येणार नाही. चांगलं दिसलं तर तिथून पाऊण तासावर मी राहते.

बाबा आत्ता खुर्चीत झोपलेत. दार उघडं आहे, मी दारात बसून लिहितेय. त्यांना जाग येतेय, थांबते.

अजून म्हणत असशील तर तुझीच,
धाकटी