शुक्रवारचं बारसं

नेरूळ, रविवार

तीर्थरूप मिल्काताईस,

धाकट्या दानियलचा शालोम, आणि गुडघ्यांना सोसेल तेवढा वाकून नमस्कार. तिकडे इस्रायलात, अश्दोदला, थंडी असेल तर पायमोजे घालत जा. भाऊजींना घोरण्यावरून बोलणं आता सोड. चाळीस वर्षांत सुधारले नाहीत, ते आता काय सुधारणार? माझी प्रकृती ठणठणीत आहे. अक्षर पाहून दचकू नकोस. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी महिनाभर लिहिण्या-वाचण्याची बंदी घातलीय, म्हणून मी सांगतोय आणि दुसरं कुणी लिहितंय. माझ्या रूबेनचं लग्न झाल्यापासून, म्हणजे गेले आठ महिने, तू आमचा फोन उचलत नाहीस. पत्र निदान कट करता येत नाही.

तुझा राग सुनेवर आहे. राजलक्ष्मी साताऱ्याकडची, आपल्यातली नाही, हे मला माहीत आहे; लग्नात मी पुढच्याच खुर्चीवर होतो. पण ताई, खरं सांग, आपण दोघं जन्माचे ज्यू, तेही बेने इस्रायल, शब्बाथचे नियम म्हणून आपल्याला काय ठाऊक? शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावायचा, मनुकांच्या सरबतावर किद्दुशची प्रार्थना म्हणायची आणि मटणातली नळी कुणाच्या वाटीत पडते त्यावर डोळा ठेवायचा (ती नेहमी तुझ्याच वाटीत पडायची, हे मी विसरलेलो नाही). ही पोरगी पुस्तक घेऊन बसली. एक दिवस मला म्हणते, "पप्पा, शुक्रवारी दिवसाचा शेवटचा चौथा हिस्सा लागला की जेवायला बसायचं न्हाई. भरल्या पोटानं शब्बाथला सामोरं जाऊ नये. आपल्याकडं सव्वातीन धरा." उपास नव्हे गं. चहा, एखादं केळं चालतं. रात्रीच्या ताटावर भुकेनं बसायचं, एवढंच. मी 'बरं' म्हणालो. माझं 'बरं' किती स्वस्त असतं, ते तू जाणतेसच.

परवाच्या शुक्रवारी तिने पहिल्यांदा एकटीने आपलं नारळाच्या दुधातलं मटण केलं. एरवी शुक्रवारी ती कामावरून तीनला घरी येते, या वेळी अख्ख्या दिवसाची रजा टाकली. आईची पाककृती तुझ्याकडे, तू फोनवर नाहीस; तेव्हा रूबेनने लहानपणची चव आठवून सांगायची आणि हिने मसाला पुन्हा वाटायचा, असं महिनाभर चाललं होतं. आणि नेमकं त्याच दुपारी समोरच्या मधुकररावांच्या नातीचं बारसं, सोसायटीच्या हॉलमध्ये, साडेतीनला. निघताना सूनबाईने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, पाळण्यात डोकावतो आणि पाच मिनिटांत येतो.

गेलो, डोकावलो, पोरगी गोड आहे. मधुकररावांनी हात धरून थेट ताटावर बसवलं. तेव्हा माझ्यातला धर्मपंडित जागा झाला (एरवी तो सणासुदीलाही उठत नाही). सूनबाईनेच मला वाचून दाखवलं होतं, की सुंतेचं जेवण शुक्रवारी चालतं, कारण आठवा दिवस काही पुढे ढकलता येत नाही. मग म्हटलं, बाराव्या दिवसाने काय घोडं मारलंय? बारसंही त्या दिवशीचं त्या दिवशीच! या विचाराने मला इतकं हलकं वाटलं की मी मसालेभात दोनदा घेतला. श्रीखंडाला मात्र ठाम नकार दिला. संध्याकाळी घरी मटण आहे, मटणाच्या जोडीला आपल्यात दूधदुभतं चालत नाही, एवढं धर्मज्ञान शाबूत होतं. त्याऐवजी जिलेब्या घेतल्या, सात. त्या साजूक तुपातल्या होत्या, हे मधुकररावांनी अभिमानाने सांगितलं, पण सातवीनंतर.

संध्याकाळी दिवे लागले, किद्दुश झाला, सूनबाईने माझं ताट वाढलं आणि उभी राहिली. नळी माझ्या वाटीत होती. ताई, मला एक घास गिळवेना. रूबेन रबाळ्याहून कामावरून आलेला, चौथ्या चपातीवर होता. ती म्हणाली, "पप्पा, जमलं न्हाई का?" खरं सांगायला जीभ रेटेना. मी म्हणालो, "छान आहे, पण आमच्या मिल्काताईच्या हाताची सर नाही." (लिहिणारीने इथे पेन खाली ठेवलं. उचललं पुन्हा.) तिने ताट उचललं. स्वयंपाकघरातला नळ बराच वेळ चालू होता.

शनिवारी सकाळी सगळे झोपलेले असताना मी फ्रिज उघडला आणि पातेल्यातलं गार मटण तसंच, उभ्याने खाल्लं. ताई, ती आईच्या हातची चव होती. तुझ्या नव्हे, आईच्या. तुझ्या हातून मीठ नेहमी जास्त पडतं. मी फ्रिजचं दार उघडं टाकून रडलो. हे सूनबाईच्या डोळ्यांत बघून बोलायचा धीर मला नाही, म्हणून हे पत्र तिच्याकडूनच लिहून घेतोय. तिने मान खाली घातलीय, आता मला सांगायला सोपं जातंय.

तुझा,
दानियल झिराडकर

ता. क. मिठाबद्दल रागावू नकोस. पण तिला एक फोन कर आणि आईची पाककृती तुझ्या तोंडाने सांग. तिला आता गरज नाही, तरी सांग.

ता. क. दुसरा: आत्या, नमस्कार. पप्पा दमून झोपलेत, हे माझं स्वतःचं. बारशाचं मला त्याच संध्याकाळी समजलं होतं. सदऱ्यावर पाक होता, आणि मधुकररावांकडच्या उज्वलाकाकूंनी 'त्यांना फार आवडल्या' म्हणून उरलेल्या जिलेब्यांचा डबाही आणून दिला होता. भरल्या पोटाचा मला राग नाही. तुमचं नाव घेतलं, ते लागलं, कारण तुमच्या हातचं मी कधी खाल्लेलंच नाही. मिठाची ओळ मी गाळणार होते, गाळली नाही, माफ करा. पाककृती सांगितलीत तर आनंदच आहे, नाही सांगितलीत तरी चालेल. एकदा मला नावाने हाक मारा. फोन शुक्रवारी सव्वातीननंतर करा. यापुढे त्या वेळी मी दारातच खुर्ची टाकून पप्पांना अडवून बसलेली असेन.

राजलक्ष्मी