सात मिनिटं आणि एक तार

प्रिय बाबा,

हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही ‘बरं बरं, आईशी बोल’ म्हणून माझी बोळवण करता. पत्र मात्र चष्मा लावून दोनदा वाचता, असं आईने मला सांगून ठेवलंय. म्हणून हा खटाटोप. आधी बातमी: आमचं खोकी बनवायचं नवं यंत्र काल दुपारी पास झालं! घरी आल्यापासून मी ही गोष्ट चौथ्यांदा सांगतेय आणि तुमचे जावई बिचारे दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ‘मग?’ विचारतायत.

आमच्याकडे यंत्र कसं जन्माला येतं ते सांगते. आधी वेग ठरतो, मग आकार, मग किंमत. सगळे आराखडे झाले की शेवटच्या आठवड्यात कुणाला तरी आठवतं, अरे, हे माणसं चालवणार आहेत! मग एक जाळी बसते, ‘सावधान’ लिहिलेली एक पिवळी पाटी लागते, झाली सुरक्षा. या वेळी मी पहिल्याच बैठकीत, कागद कोरा होता तेव्हाच, हटून बसले. म्हटलं, कागद ओढणारे रूळ कुठे बसवायचे ते मागून ठरवू. त्यांत अडकलेला कागद कोण काढणार, कसा काढणार, ते आधी ठरवू. साहेब म्हणाले, ‘अहो, झाकण उघडलं की यंत्र बंद पडतंच की, आणखी काय हवं?’ मी मनात म्हटलं, माझ्या वडिलांना विचारा. पण तुम्ही मला उगाच पक्कड म्हणत नाही. धरलं ते सोडलं नाही.

मी आधी प्लायवुडचं यंत्र करून घेतलं, खऱ्याएवढंच. सगळ्यांनी त्याला माझी भातुकली म्हणून घेतलं. त्यात दोन महिने गेले आणि साहेबांचा पारा चढला. चाचणीत हे फसलं तर काम माझ्याकडून जाणार आणि पुन्हा पिवळ्या पाट्या येणार, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. एका कारखान्यात वीस वर्षं असं यंत्र चालवणाऱ्या मावशींना मी बोलावलं. म्हटलं, समजा कागद अडकलाय, काढा. त्यांनी झाकणाकडे पाहिलं आणि खिशातून काय काढलं असेल? तार! वीतभर, दोन्ही टोकं वळवलेली. ‘बाई, झाकणाची कळ कुठंय?’ म्हणून विचारायला लागल्या. लाकडी यंत्राची कळ बांधायला निघाल्या होत्या. सगळे खो खो हसले, त्याही हसल्या. मला काही हसू येईना. तशी तार आपल्या घरी दाराच्या खिळ्याला लटकायची, तुमच्या डब्याच्या पिशवीशेजारी.

मग मावशींनी जे सांगितलं ते तुम्हाला पाठ आहे. झाकण उघडलं की यंत्र बंद, डिंक गार, आणि पुन्हा सुरू व्हायला सात मिनिटं. कागद दिवसातून तीस वेळा अडकतो. म्हणजे साडेतीन तास नुसतं उभं राहायचं, आणि मुकादम डोक्यावर बसलेला. मग यंत्र बंद पाडणारी ती झाकणाची कळ तारेने दाबून बांधायची, यंत्राला वाटतं झाकण मिटलेलंच आहे, आणि फिरत्या रुळांत हात घालायचा. तुमच्या खात्यात ही युक्ती तुम्हीच काढलीत, सगळ्यांना शिकवलीत, आणि तुमचीच दोन बोटं गेली.

आम्ही तारेवर बंदी नाही घातली, बाबा. तारेची गरजच काढून टाकली. डिंकाची टाकी वेगळी केली, ती गरमच राहते. झाकण उघडलं की रूळ थांबतात, एकमेकांपासून लांब सरकतात आणि कागद खालच्या तबकात पडतो. पुन्हा सुरू व्हायला वीस सेकंद. काल साहेबांनी स्वतः घड्याळ लावलं आणि आम्ही मुद्दाम पन्नास वेळा कागद अडकवला. पन्नासही वेळा मावशींनी झाकण उघडलं, मिटलं, आणि खिशाकडे त्यांचा हात एकदाही गेला नाही. शेवटी त्यांनी तार काढून साहेबांच्या पुढ्यात ठेवली. ‘घ्या साहेब, आता हिचं माझ्याकडे काही काम नाही.’ साहेब चक्क उठून उभे राहिले! आता आमच्याकडे नियमच झालाय. यंत्र चालवणारं माणूस लाकडी नमुन्यात हात घालून बघत नाही, तोवर एकाही आराखड्यावर सही होणार नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. मी हीच नोकरी का धरली असं तुम्ही कितीदा विचारलंत, आणि मी टाळलं. तुमच्या अपघातानंतर तुमचं सामान आणायला आई मला खात्यात घेऊन गेली होती, तेव्हा त्या यंत्राच्या पितळी पाटीवरचं नाव मी वाचून ठेवलं. ती हीच कंपनी. इथल्या जुन्या कपाटात मला त्या यंत्राचा आराखडा सापडला. ती सात मिनिटं त्यातच आहेत, बाबा. तुम्ही त्या खात्यात पाऊल ठेवायच्या आधीच कुणीतरी सुंदर अक्षरात लिहून ठेवलेली. अपघाताच्या वहीत मात्र ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं लिहिलं गेलं आणि त्याखाली तुम्ही डाव्या हाताने वाकडीतिकडी सही केलीत. बावीस वर्षं उजवा हात खिशात घालून ‘चूक माझीच’ म्हणत आलात. काल मी तो आराखडा साहेबांसमोर ठेवला. त्यांनी बराच वेळ पाहिला, मग त्यावर लाल शाईने ‘दोष रचनेचा’ असं लिहून सही केली. मी सगळ्यांदेखत रडले आणि मला मुळीच लाज वाटली नाही. सोमवारी सकाळी दहाला पहिलं यंत्र सुरू व्हायचंय, आणि ते कुणी सुरू करायचं हे साहेबांनी माझ्यावर सोडलंय. तुम्ही या. हिरवं बटण उजव्या बाजूला आहे. हात खिशातून काढा आणि दाबा.

वाट पाहणारी,
तुमचीच
पक्कड